दगडी शिळेत आटेदार बुश बसविण्याची रीत

घोटी हे भाताच्या गिरण्यांचे आणि मुंबई–आग्रा रस्त्याचे गाव. आणि ज्या गावात गिरण्या व वाहतूक या दोहोंचा राबता असतो, त्या गावात लेथ, वेल्डिंग आणि दुरुस्ती यांचे गाळे आपोआप उभे राहतात. कार्तिक-मार्गशीर्षात नवे भात गिरणीत येऊ लागले, की हलरचा दांडा वाकला, बेअरिंगची बैठक झिजली, पुली डगमगू लागली, अशा तक्रारी घेऊन गिरणीवाले गाळ्याच्या दाराशी येतात, आणि प्रत्येकाला काम आजच्या आज हवे असते. अशा प्रसंगी दांडा खरोखर किती वाकला आहे हे नजरेच्या अदमासाने ठरविणारा कारागीर आणि सपाट बैठकीवर ठेवून डायल गेजने मोजणारा कारागीर यांच्या कामातला फरक पुढच्या हंगामात गिरणीच्या आवाजावरूनच कळतो. ही बैठक बिडाची असावी असा जुना दस्तूर आहे. परंतु चांगली बिडाची सरफेस प्लेट महाग पडते, आणि इगतपुरीला वर्षाकाठी जो तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्याहून घोटीला कमी पडत असला तरी जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा इतका असतो, की तेलाचा हात एक दिवस चुकला तर तिच्या पाठीवर गंजाचे तांबूस ठिपके उमटतात.

दगडाला गंज चढत नाही. त्याच्यावर अवजार पडले तर बिडासारखी कड वर उठून मापात खोट येत नाही, फार तर एक कपची उडते व खळगा राहतो, जो मोजणीला बाध आणीत नाही. उन्हातून आणलेला गरम दांडा क्षणभर टेकला म्हणून तो चटकन वाकत नाही, आणि यंत्राचा कंप तो बऱ्याच अंशी आपल्या ठायी जिरवितो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत, ओहायो राज्यातील डेटन येथे, बिडाचा तुटवडा पडल्यामुळे वॉलेस हर्मन या कारागिराने ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटा वापरात आणल्या, आणि जे अडचणीपोटी स्वीकारले तेच पुढे अव्वल दर्जाचे ठरून जगभरच्या मोजणीगृहांतून रूढ झाले. मात्र दगडात एक उणीव आहे, आणि ती पहिल्याच दिवशी जाणवते: डायलचा चुंबकी स्टँड त्याला चिकटत नाही. व्ही-ब्लॉक, स्टँड, टेकू, पट्टी, जे काही स्थिर करावयाचे ते बोल्टनेच आवळावे लागते; आणि दगडात थेट टॅप मारून पाडलेले आटे दोनचार वेळा बोल्ट फिरविताच भुगा होऊन गळतात. सबब दगडात भोक पाडून त्यात आतून आटे असलेला धातूचा बुश, ज्याला बाजारात इन्सर्ट म्हणतात, कायमचा बसविणे हाच मार्ग उरतो. त्याची रीत येथे सांगावयाची आहे, आणि ती सांगताना ज्या पायरीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते तिच्याविषयी थोडे अधिक विस्ताराने लिहिणार आहे.

दगडात धातू बसविण्याचे कसब आपल्या मुलखाला नवे नाही. घरोघरच्या जात्याच्या तळीत जी लोखंडी खीळ उभी असते, तीच या विद्येचा पहिला धडा होय. आणि १६६४ साली ज्याचे बांधकाम सुरू झाले त्या सिंधुदुर्गाच्या पायाचे दगड शिशात बसविले, हे तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. जुन्या पाथरवटांनी शिसे का निवडले याचा विचार केला तर आजच्या कामातले दोन मोठे प्रश्न आपोआप उलगडतात. लोखंड गंजले म्हणजे त्याचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो, आणि भोकाच्या आत हा फुगवटा झाला की कठीणातला कठीण दगडही आतून दुभंगतो. शिशाचे वेष्टन पाण्याला लोखंडापर्यंत पोचूच देत नाही. दुसरी गोष्ट अशी, की शिसे थंड होताना आकसते, म्हणून जाणते कारागीर ते नुसते ओतून थांबत नसत, तर निवाल्यावर बोथट छिन्नीने ठोकून भोकाच्या भिंतीला दाबून बसवीत; आणि भोकही तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद असे टाकीने खोदीत, जेणेकरून आतला गोळा वर येऊच नये. आजही कोणी शिसे ओतण्याचा विचार करील तर त्याला एक खबरदारी कळकळीने सांगितली पाहिजे: शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, आणि भोकात पाण्याचा थेंब जरी उरला असेल तरी त्याची क्षणार्धात वाफ होऊन तापलेला रस तोंडावर उसळतो. शिशाची वाफही विषारी असते. लहान बुशासाठी हा धोका पत्करण्याचे आता कारण नाही. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने १९४६ साली अराल्डाइट बाजारात आणल्यापासून इपॉक्सी राळेची जी जात सर्वत्र मिळू लागली, ती हे काम अधिक सोयीने करते.

शिळा कोणती निवडावी, हा प्रश्न घोटीत सोपाही आहे आणि फसवाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर साचून झालेला इकडचा सारा सह्याद्री काळ्या पाषाणाचा आहे, तेव्हा दगडाला तोटा नाही. परंतु थराथरांत फरक असतो. लाव्हाच्या थराचा मधला भाग घट्ट व एकजीव असतो, तर वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात, आणि त्या पुढे पांढऱ्या स्फटिकांनी भरतात. ज्या झिओलाइट स्फटिकांसाठी नाशिक परिसराचे नाव जगभरच्या संग्रहालयांत पोचले आहे, तेच स्फटिक आपल्या कामाचे शत्रू होत. कारण असा पांढऱ्या ठिपक्यांचा दगड, ज्याला मांजऱ्या म्हणतात, भोक पाडताना बिट कठीणातून मऊत घसरवितो आणि भिंतीला ठिकठिकाणी खड्डे पाडतो. खाणीवर गेल्यावर शिळेला हातोडीने हलके टोले देऊन पाहावे: एकजीव दगड खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द बोलतो. त्याहून भरवशाची परीक्षा पाण्याची. शिळा पुरती भिजवून उन्हात ठेवावी आणि ती वाळत असताना जवळ बसून पाहावी; सगळी पाठ करडी झाल्यावरही जेथे एखादी केसासारखी काळी रेघ मागे राहते, तेथे चीर आहे असे समजावे, कारण चिरेत शिरलेले पाणी सर्वांच्या शेवटी सुकते. त्या रेघेवर खडूने खूण करून तिच्या जवळपास भोक पाडू नये, आणि रेघ शिळेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जात असेल तर ती शिळाच घेऊ नये.

ग्रॅनाइट हवा असेल तर तो नाशिक जिल्ह्यात निघत नाही, दक्षिणेकडून येतो; आणि स्वयंपाकाच्या ओट्याचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात म्हणून तेच वापरण्याचा मोह होतो. ते तुकडे बहुधा अठरा ते वीस मिलिमीटर जाडीचे असतात व आटेदार बुशासाठी अपुरे पडतात. शहाबादी फरशी आणि कडप्पा यांचा तर विचारही करू नये, कारण ते थराथरांनी बनलेले चुनखडीचे दगड असून बोल्टची ओढ वर लागली की थर उचकटून निघतो. किमान पंचाहत्तर मिलिमीटर, आणि जमल्यास शंभर मिलिमीटर जाडीची शिळा घ्यावी, हे माझे मत आहे. वजन वाढते खरे, पण गाळ्यातली बैठक रोज हलवायची नसते.

दगडाचा स्वभाव एकदा नीट समजला म्हणजे पुढचे बरेचसे नियम पाठ करण्याची गरज उरत नाही. दगड दाबाला अत्यंत समर्थ आणि ताणाला दुबळा असतो. दाब सोसण्याची त्याची शक्ती ताण सोसण्याच्या शक्तीच्या साधारण दहा ते वीस पट असते, आणि लोखंडासारखे थोडे वाकून इशारा देण्याची वृत्ती त्याच्यात नाही. म्हणून भिंतीत वापरतात तो आवळला की फुगणारा अँकर फास्टनर शिळेत कधीही ठोकू नये. तो सर्व बाजूंनी बाहेर रेटा देतो, आणि हा रेटा म्हणजेच दगडाला न सोसणारा ताण. काँक्रीटच्या जाड भिंतीत तो खपतो. शिळेच्या कडेजवळ मात्र तो आज नाही तर पुढच्या उन्हाळ्यात तडा देतो. त्याच कारणासाठी भोकाचे केंद्र कडेपासून भोकाच्या व्यासाच्या निदान पाचपट आत असावे, दोन भोकांमध्येही तेवढेच किंवा अधिक अंतर राखावे, आणि भोकाची खोली शिळेच्या निम्म्या जाडीपलीकडे जाऊ देऊ नये.

आता बुश. लेथवर तो स्वतः करणे उत्तम, कारण बाजारी इन्सर्ट बहुतेक लाकडासाठी किंवा प्लास्टिकसाठी केलेले असतात व त्यांची बाहेरची घडण दगडाला जुळत नाही. धातू पितळ किंवा स्टेनलेस घ्यावा. साधे लोखंड वर सांगितलेल्या कारणासाठी वर्ज्य, आणि अॅल्युमिनियम दगडाच्या दुप्पट-तिप्पट प्रसरण पावत असल्यामुळे टाळलेला बरा. ८ मिलिमीटरच्या बोल्टसाठी बाहेरून १४ मिलिमीटर व्यासाचा, ३० मिलिमीटर लांबीचा तुकडा घेऊन त्यात ६.८ मिलिमीटरचे भोक पाडावे व सव्वा मिलिमीटर पिचचा टॅप मारावा. १० मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक साडेआठ मिलिमीटरचे. तळ बंदच ठेवावा, म्हणजे राळ आत चढून आटे बुजणार नाहीत. बाहेरच्या अंगावर एक मिलिमीटर खोल अशा चार-पाच आडव्या खाचा घ्याव्यात, कारण त्या खाचांत भरून कठीण झालेली राळ म्हणजेच जुन्या पाथरवटाच्या तळाशी रुंद केलेल्या भोकाची आजची जागा होय. कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू किंचित सपाट केल्या की बोल्ट आवळताना बुश भोकात फिरण्याची भीती नाहीशी होते; शिवाय बुश आत जाताना कोंडलेली हवा त्याच फटींतून वर निघून जाते. शेवटी थिनरने अथवा अॅसिटोनने पुसून बुश स्वच्छ कागदात गुंडाळून ठेवावा. नंतर त्याला बोटे लावू नयेत, कारण राळेची पकड बिघडविण्यास बोटांवरचे तेल पुरेसे असते.

भोक बुशाहून दीड-दोन मिलिमीटर मोठे, म्हणजे १४ च्या बुशाला १६ मिलिमीटरचे पाडावे. ते हिऱ्याच्या कोअर बिटने, पाण्याखाली, ठोके न देता पाडावे. हातोड्याच्या ठोक्यांचे ड्रिल भोक लवकर पाडते, पण भोकाभोवतीच्या दगडात सूक्ष्म चिरा सोडून जाते, आणि त्या चिरा पुढे बोल्टच्या ओढीने जोडल्या जातात. भोकाच्या जागेभोवती शाडूच्या मातीची बोटभर उंच पाळ करून तीत पाणी भरावे. बिट घसरू नये म्हणून त्याच मापाचे भोक असलेली लाकडी फळी शिळेवर शिकंज्याने घट्ट धरावी व बिटला त्या भोकातून वाट द्यावी; उभ्या पिलर ड्रिलवर काम होत असेल तर अर्थातच अधिक चांगले. जोर हलका ठेवून दर थोड्या वेळाने बिट वर घ्यावे, म्हणजे राखी चिखल बाहेर येतो आणि हिऱ्याचे कण जळत नाहीत. पुरेशी खोली झाल्यावर मधला दगडी गाभा उभाच राहतो. फटीत पातळ छिन्नी घालून तिच्यावर एक हलका टोला दिला की तो बुडाशी मोडतो. पाणी आणि वीज एकत्र येत असल्यामुळे मशीन गळती-संरक्षक स्विचवरच लावावे, आणि कोरडे भोक पाडण्याचा प्रसंग आलाच तर नाकावर चांगला मुखपट असल्याखेरीज पाडू नये. ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचा अंश मोठा असतो आणि तिची डोळ्याला न दिसणारी धूळ फुफ्फुसात कायमची ठाण मांडते. सिलिकोसिसने खाणकामगारांचे जे आयुष्य खाल्ले आहे, त्याची आठवण ठेवून ही काळजी घ्यावी. काळ्या पाषाणात गारगोटी जवळजवळ नसते, तरी त्याची धूळ निरुपद्रवी समजू नये.

ज्या पायरीचा मघाशी उल्लेख केला ती हीच पुढची, भोक साफ करण्याची. बुश पुढे सुटून हातात येतो तेव्हा दोष राळेला दिला जातो. पण सुटलेला बुश उलटा करून पाहिला तर त्याच्या अंगावर राळेचे अखंड कवच असते, आणि त्या कवचावर दगडाच्या पिठाचा राखी थर. राळ दगडाला धरूच शकली नाही. तिने धरले ते पीठ, आणि पीठ दगडापासून सुटे होते. म्हणून भोक पाडून झाल्यावर घाई करू नये. प्रथम त्याच्या गुळगुळीत भिंती काठीला गुंडाळलेल्या साठ नंबरच्या खरखरीत पॉलिश पेपरने रगडाव्यात, कारण हिरा भिंतीला काचेसारखी झिलई आणतो. मग बाटल्या धुण्याच्या गोल ब्रशने पाणी घालून घासावे, पाणी उपसावे, सायकलच्या पंपाला बारीक नळी जोडून तळापासून हवा मारावी, पुन्हा घासावे, पुन्हा धुवावे. थांबावे केव्हा, याची खूण अशी: काठीला पांढरे सुती फडके गुंडाळून भोकात फिरविले असता ते पांढरेच बाहेर आले पाहिजे. त्यावर राखी रंगाची झाक जरी दिसली तरी काम अपुरे आहे.

त्यानंतर सुकविणे. दगड पाणी पितो, आणि भोक वरून कोरडे दिसले तरी भिंतीत ओल असते. उन्हाळ्यात दोन दिवसांचे ऊन पुरते. पावसाळ्यात घोटीच्या हवेत ते कधीच पुरे पडत नाही, म्हणून भोकावर दिव्याची ऊब द्यावी, आणि नंतर भोकाचे तोंड पारदर्शक प्लास्टिकने चिकटवून रात्रभर ठेवावे. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूस दव दिसले तर पुन्हा ऊब द्यावी. ज्यांना काम निवडून करता येते त्यांनी हे काम फाल्गुन-चैत्रात काढावे, हे उत्तम. गिरण्यांची गर्दीही तेव्हा ओसरलेली असते.

राळ मंद सुकणारी घ्यावी. पाच मिनिटांत कडक होणारी जात दुकानदार आवर्जून पुढे करतो, पण ती ताकदीला आणि उष्णतेला दोन्हीला कमी असते, शिवाय बुश सरळ करण्यास अवधीच देत नाही. दोन्ही नळ्यांतील द्रव्य वेष्टनावर दिलेल्या प्रमाणातच घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत, हवेचे बुडबुडे न शिरतील अशा हळू हाताने कालवावे. थंडीत येथली रात्र चांगलीच गार असते, आणि तपमान दहा अंशांनी उतरले की राळ कडक होण्याची क्रिया साधारण निम्म्याने मंदावते. तेव्हा शिळा आदल्या दिवशी उन्हात ठेवावी व नंतरही ऊब राखावी.

बुश काटकोनात आणि योग्य खोलीवर बसावा यासाठी एक साधी तजवीज आहे. जाड, सरळ पोलादी पट्टीला भोक पाडून त्यातून बोल्ट खाली घालावा, खालून त्यावर पाऊण मिलिमीटर जाडीचा वायसर चढवावा, मग बुश फिरवून वायसरला घट्ट टेकवावा. पट्टी शिळेवर टेकली की बुश भोकात लोंबता राहतो, शिळेच्या पाठीशी आपसूक काटकोनात आणि वायसरच्या जाडीइतका खाली. तो पाठीच्या खाली असणे अगत्याचे आहे. वर राहिला तर बैठकीची सपाटीच बिघडते. वायसर बुशाच्या तोंडाहून रुंद नसावा, एरवी तो भोकाच्या काठावर अडकेल. बोल्टच्या आट्यांना व पट्टीच्या खालच्या अंगाला मेणबत्तीचे मेण चोळून ठेवावे. भोकाच्या तळाशी एकतृतीयांश भागापर्यंत राळ घालून बुशाच्या अंगावरही तिचा लेप द्यावा, आणि पट्टी हातात धरून बुश सावकाश, किंचित पुढेमागे फिरवीत उतरवावा, म्हणजे राळ खालून वर चढत येते व हवा पुढे ढकलली जाते. काठावर राळेचे बारीक कडे दिसले की भोक भरले. वर आलेली राळ लगेच थिनरच्या फडक्याने टिपून घ्यावी. चोवीस तास शिळेला हात लावू नये, आणि ओढ देण्यापूर्वी तीन दिवस जाऊ द्यावेत. शिळेची पाठ घासून सपाट करून घ्यावयाची असेल तर ते काम बुश बसविल्यानंतर करावे, आधी नव्हे.

बोल्ट किती आवळावा, हे ठरविताना एक हिशेब ध्यानात असू द्यावा. वीस सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी पाच किलोंचा जोर लावला, जो कोणालाही सहज लावता येतो, तर ८ मिलिमीटरचा बोल्ट आपल्या अक्षाच्या दिशेने सहाशे किलोंहून अधिक ओढ निर्माण करतो, आणि ती सारी ओढ बुशाभोवतीच्या राळेवर व दगडावर पडते. डायलचा स्टँड किंवा व्ही-ब्लॉक धरून ठेवण्यास याच्या निम्मी ओढही पुष्कळ होते. आपल्याच खाणीच्या दगडाच्या टाकाऊ तुकड्यात एक बुश हुबेहूब याच रीतीने बसवून, तो सुटेपर्यंत टॉर्क पान्याने आवळून पाहावा, आणि जेथे तो सुटला त्या आकड्याच्या एकतृतीयांशावर आपली मर्यादा ठरवावी. गाळ्यातल्या पोरांसाठी तो आकडा शिळेच्या बाजूला रंगाने लिहून ठेवावा. ग्राइंडर, प्रेस अशी जड व हादरे देणारी यंत्रे मात्र बुशावर लावू नयेत. त्यांच्यासाठी शिळेला आरपार भोक पाडून खालून पोलादी पाटी व लांब बोल्ट घालावा, कारण तेथे दगड दाबाखाली येतो, आणि दाब हे त्याचे बळ आहे. त्याचप्रमाणे या शिळेवर वेल्डिंग करू नये. साधी इपॉक्सी राळ साठ अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते.

हीच उष्णता पुढे उपयोगीही पडते. एखाद्या बुशाचे आटे झिजले तर तो छिन्नीने उकरू नये; त्यात जुना बोल्ट पूर्ण फिरवून बोल्टच्या डोक्याला सोल्डरिंगच्या जाड खड्याने काही मिनिटे तापवावे, राळ मऊ झाली की पक्कडीने हलके पिळीत वर ओढावे, आणि दारे उघडी ठेवावीत, कारण तापलेल्या राळेचा धूर श्वासात घेण्याजोगा नसतो. दगडाला ज्योत थेट लावू नये, तो चटकतो. मोकळे भोक पुन्हा पांढरे फडके पांढरे राहीपर्यंत घासून नवा बुश बसविता येतो. वापरात नसलेल्या बुशांच्या तोंडात ग्रीस लावलेले बिनडोक्याचे स्क्रू फिरवून ठेवावेत, म्हणजे लेथचा कीस, एमरीची धूळ आणि पावसाळ्याचे पाणी आत साचत नाही.